देवाला थेट सांगता येतं, मग मध्ये फादर कशाला? (कन्फेशन, पापक्षमा आणि चर्च)

बावखल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज झोपच येत नाहीये म्हणून बसलो. आम्ही वसईचे कॅथलिक, बायको नगरची, प्रॉटेस्टंट घरातली. लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलं मोठी झाली, मिस्सालाही (चर्चमधली उपासना) ती माझ्यासोबत येते, पण कन्फेशनचा, म्हणजे फादरला आपली पापं सांगून क्षमा मागायचा, विषय निघाला की आमचं काही जमत नाही.

गेल्या महिन्यात आई खूप आजारी पडली, डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं एवढी. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, फादरला बोलव. फादर भर पावसात स्कूटरवरून आले, रेनकोट ओट्यावर काढून ठेवला, खिशातून तेलाची बारकी डबी आणि ख्रिस्तप्रसादाची (मिस्सात देतात त्या पवित्र भाकरीची) डबी काढली, गळ्यात जांभळी पट्टी घातली आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दार लोटून घेतलं. आम्ही ओट्यावर उभे, आतून फक्त पंख्याचा कुरकुर आवाज. वीस एक मिनिटं गेली असतील. बायको हळूच म्हणाली, "अहो, ऐंशी वर्षांची बाई, रोज संध्याकाळी रोझरी म्हणते, हिने असं काय मोठं पाप केलं असणार? आणि देवाला तर सगळं माहीतच आहे, मग या माणसाला कशाला सांगायचं?" मला काही बोलताच आलं नाही.

दार उघडलं तर आईचे डोळे रडून लाल, पण चेहरा इतका हलका मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आणि पहिलं वाक्य काय, तर "धाकटीला बोलव". धाकटी म्हणजे तिची जाऊ, माझी काकू. दोन वाड्यांच्या मधल्या बांधावरून अकरा वर्षं दोघींचं बोलणं नाही, एकीच्या घरच्या लग्नाला दुसरी नाही. आई म्हणाली, फादरनी हेच प्रायश्चित्त दिलंय, ते तुला सांगणार नाहीत पण मी सांगते, बांध मी सरकवायला लावला होता, तुझ्या बाबांना मीच भरीला घातलं होतं.

काकूकडे मी स्वतः जाऊन आलो. तिने दारातच ऐकून घेतलं, "बघते" म्हणाली. त्याला आज नऊ दिवस झाले. आई रोज विचारते.

मला विचारायचंय ते हे, की फादरनी क्षमा झाली म्हणून सांगितलं, मग काकू आलीच नाही तर? आणि चर्चला हा अधिकार आहे म्हणजे नेमका काय आहे? जाणकारांनी मनापासून लिहा प्लीज.

नगरची_लेक

आईंना बरं वाटू दे, प्रार्थना करतेय.

तुमच्या मिसेसच्या मनात जे आलं तेच आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, बायबलमधल्या पहिल्या तीमथ्य पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात आहे की आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आहे, तो क्षमा करेल. तिथे कुठे फादर नाही की पाळकसाहेब नाहीत. प्रभुभोजनाच्या (तुमच्या ख्रिस्तप्रसादासारखं आमचं) आधी आम्ही सगळी मंडळी मिळून पापांची कबुली म्हणतो आणि पाळकसाहेब देवाचं क्षमेचं वचन वाचून दाखवतात. क्षमा त्यांची नाही, ते फक्त वाचतात.

पण एक सांगते, सगळं मनातल्या मनात असं पण आमच्यात नव्हतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला जी जागृती झाली त्यात मुली आणि बायका रडत रडत सगळ्यांसमोर आपली पापं बोलून दाखवायच्या, पंडिता रमाबाई स्वतः तिथे होत्या. आमची आजी सांगायची की गावच्या मंडळीत कोणाचं भांडण असेल तर प्रभुभोजनाच्या आधी मिटवायला लागायचं, नाहीतर पाळकसाहेब ताटापाशी येऊ द्यायचे नाहीत. म्हणजे बांधाचं भांडण आमच्याकडे असतं तरी देवळात पोचलंच असतं.

जुनी_पानं

हा विषय जवळचा आहे म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिलं म्हणजे "क्षमा फक्त देव करतो" हे कॅथलिक चर्चही तितक्याच ठामपणे म्हणतं, त्यात वाद नाहीच. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात छप्पर उघडून पक्षाघात झालेल्या माणसाला खाली सोडतात, येशू म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली, आणि शास्त्री मनात म्हणतात देवाशिवाय क्षमा कोण करणार. प्रश्न त्यांचा बरोबरच होता. वाद आहे तो पुढचा, की येशूने हे काम पुढे कोणाकडे सोपवलं का. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक योहानाचा विसावा अध्याय दाखवतात, पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्यांवर फुंकर घालून तो म्हणतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली, ज्यांची ठेवाल त्यांची राहिली. आता क्षमा करायची की ठेवायची हे ठरवायला आधी ऐकून तर घ्यावं लागेल, असा तो युक्तिवाद आहे. प्रॉटेस्टंट म्हणतात तो अधिकार म्हणजे सुवार्ता सांगण्याचा, आणि तो सगळ्या मंडळीला दिलेला.

पण मला सगळ्यात जास्त भिडतो तो तिसऱ्या शतकातला प्रसंग. साल २५०, सम्राट डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने रोमच्या देवांना बळी वाहायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे दाखले पपायरसवर लिहिलेले खरंच सापडलेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी वाहिला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला घेतला. छळ थांबला आणि हेच लोक रडत परत चर्चच्या दारात आले. काय करायचं? बाकीच्यांनी तुरुंग भोगला होता, कोणाचा बाप मेला होता. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला देव काय करायचं ते करेल, चर्चने यांना परत घ्यायचं नाही, हा अधिकारच चर्चला नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप कॉर्नेलियस म्हणाले घ्यायचं, पण उगाच नाही, मोठं प्रायश्चित्त करून. चर्च फुटलं त्यावरून. शेवटी सिप्रियनची बाजू टिकली, आणि तो स्वतः २५८ मध्ये शहीद झाला, म्हणजे दया दाखवा म्हणणारा माणूस भित्रा नव्हता.

त्या काळात कन्फेशन कानात नव्हतं, प्रायश्चित्त चारचौघात असायचं आणि मोठ्या पापासाठी आयुष्यात एकदाच. बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुतली जातात, म्हणून लोक बाप्तिस्माच लांबवायचे, सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ ला मरणाच्या खाटेवर घेतला. राजालाही सूट नव्हती, थेस्सलोनिकात कत्तल घडवली म्हणून ३९० मध्ये मिलानच्या अँब्रोजने सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद नाकारला, आणि सम्राटाने ते केलं. एकेकट्याने धर्मगुरूला सांगायचं आणि पुन्हा पुन्हा सांगता येतं, ही पद्धत पुढे आयर्लंडच्या संन्याशांनी युरोपभर नेली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने (बिशपांची मोठी सभा) वर्षातून एकदा तरी कन्फेशन सगळ्यांना बंधनकारक केलं आणि गुपित फोडणाऱ्या फादरला कडक शिक्षा ठरवली. जाळीची पेटी तर त्याहून नवी, सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी ती रूढ केली.

पुण्याचा_नवखा

मी हिंदू आहे, हे सगळं पहिल्यांदाच वाचतोय, कोणाला दुखवायचं नाहीये पण खरंच विचारतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पाप करा, फादरला सांगा, मोकळे व्हा, पुढच्या रविवारी परत. आणि शाळेच्या इतिहासात तर क्षमापत्रं विकत मिळायची असं शिकलो. दुसरं, समजा एखाद्याने खून केला आणि फादरला सांगितलं तर ते पोलिसांना सांगणारच नाहीत? तिसरं, २०१८ मध्ये केरळमध्ये कन्फेशनमधल्या गोष्टी वापरून एका बाईला छळल्याचे आरोप झाले होते, तेव्हा महिला आयोगाने ही पद्धतच बंद करा अशी शिफारस केली होती. त्याचं काय?

बावखल (धागाकर्ता)

नवखा, छान विचारलंत, राग कसला.

क्षमापत्रांचं खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी जर्मनीत योहान टेट्झेल नावाचा साधू ती विकत फिरत होता आणि त्यावरूनच ल्यूथरने १५१७ मध्ये आपले ९५ मुद्दे मांडले. नियमाप्रमाणे क्षमापत्र म्हणजे पापाची क्षमा नव्हतीच, क्षमा झाल्यावर जे भोगायचं उरतं त्यातली सूट होती. मी शेजाऱ्याच्या वाडीतली नारळाची रोपं तोडली आणि त्याने माफ केलं, तरी रोपं परत लावायची राहतातच ना, तसलं ते उरलेलं. पण बाजारात उभं राहिल्यावर हा फरक कोण सांगणार आणि कोण ऐकणार, गरीब लोकांनी मेलेल्या आईबापासाठी पैसे मोजले. पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये पैशाचा हा व्यवहार बंद केला. उशीर झाला होता.

"सांगा आणि मोकळे व्हा" हे मात्र खरं नाही. पश्चात्ताप नसेल तर फादरने शब्द उच्चारले तरी ते पोकळ, हे आम्हाला लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) वर्गातच शिकवतात. चोरलेलं परत करायचं नसेल तर फादर क्षमेचे शब्द थांबवू शकतात. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय आठवा, जकातदार, तो येशूला म्हणतो कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो.

पोलिसांचं म्हणाल तर नाही, सांगू शकत नाहीत. स्वतःचा जीव वाचवायलाही नाही. तू स्वतः जाऊन कबूल हो असं ते अगदी जोर लावून सांगू शकतात, पण दाराबाहेर एक शब्द नेता येत नाही. गुपित फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी चर्चबाहेर. केरळचं ते प्रकरण आमच्या चर्चमधलं नव्हतं, पण तसं म्हणून मी हात झटकणार नाही. ज्या जागी माणूस उघडा होऊन बसतो तिथे कोणी दगा दिला तर त्याच्यासारखं पाप नाही. म्हणूनच तो नियम एवढा कडक ठेवलाय.

मांडवीकाठची

आमच्या गोव्यात कन्फेशनला कुमसार म्हणतात. मी सात वर्षांची असताना पहिल्यांदा गेले, जाळीच्या पलीकडे फक्त एक कान दिसत होता आणि सागवानाचा वास. पाठ केलेली यादी घडाघडा म्हटली, भावाला मारलं, आईच्या पर्समधून आठ आणे घेतले. फादर म्हणाले आठ आणे परत ठेव. बास. मला वाटलेलं नरकाबिरकाचं काहीतरी बोलतील.

आता मी पन्नाशीची आहे आणि जाते ती वेगळ्याच कारणासाठी. देवाला एकटीने सांगते तेव्हा मी पाप जरा नीटनेटकं करून सांगते, कारणं जोडते, माझ्या सोयीने. समोर जिवंत माणूस बसला की तोंडातून आवाजाने ते बाहेर काढावं लागतं आणि तेव्हा स्वतःच्याच कानाला कळतं किती घाण होतं ते. आणि उत्तरही आवाजाने येतं. मला माझंच मन "जाऊ दे झालं" म्हणतं त्यावर माझा विश्वास बसत नाही हो.

आणि फादर लोक वरचे आणि आपण खालचे असं पण नाही. फादर दुसऱ्या फादरकडे जातात, बिशपही जातात. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांसमोर एका साध्या फादरपुढे गुडघे टेकून कन्फेशनला बसले होते, तो फोटो मी अजून ठेवलाय.

मागचा_बाक

सगळं छान लिहिताय पण दुसरी बाजू पण लिहिते. माझं पहिलं लग्न मारहाणीचं होतं. कोर्टातून घटस्फोट झाला, चर्चमधून पहिलं लग्न रद्द व्हायचं राहिलं, म्हणजे चर्चच्या लेखी ते टिकूनच होतं, आणि मी दुसरं लग्न केलं. खूप हिंमत करून एका फादरकडे गेले, त्यांनी अर्ध्यातच थांबवलं, म्हणाले तुला क्षमा देता येत नाही. तेवढंच. उठून आले. तेव्हापासून सात वर्षं मागच्या बाकावर बसते, सगळे ख्रिस्तप्रसादाला उठतात तेव्हा मी एकटी बसलेली असते आणि माझी मुलगी विचारते मम्मी तू का नाही जात. क्षमा देवाची असेल तर तिला कुलूप लावायचा अधिकार कोणी दिला?

जुनी_पानं

मागचा_बाक, तुमचं वाचून खूप वेळ काही टाइप करता आलं नाही. अर्ध्यात उठवून लावणं हे कुठल्याच शिकवणीत बसत नाही. नियम असला तरी तो सांगायच्या आधी माणसाचं पूर्ण ऐकायचं असतं, तेवढ्यासाठीच तर ती खुर्ची आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयी मोठं पत्र काढलं त्यात तुमच्यासारख्यांना सरसकट एकाच मापाने मोजू नका, प्रत्येकाची परिस्थिती समजून सोबत चाला असं स्पष्ट आहे, आणि काही बाबतीत संस्कारांची (म्हणजे कन्फेशन, ख्रिस्तप्रसाद यांची) मदतही असू शकते असं तळटीपेत लिहिलंय. त्यावरून चर्चमध्ये अजून जोरात वाद आहे. कन्फेशनची खोली म्हणजे छळाची कोठडी नव्हे, हे वाक्य त्यांचंच. दुसऱ्या फादरकडे जा, पहिल्या लग्नाचं प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायालयात घालता येईल का तेही विचारा. एकटी जाऊ नका, कोणाला तरी सोबत घ्या.

मांडवीकाठची

मागचा_बाक, तुझ्या बाजूला बसायला मी आले असते गं.

नगरची_लेक

हे वाचून रमाबाईच आठवल्या. इंग्लंडमध्ये १८८३ ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे दोनच वर्षांत तिथल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रातून कळवलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी नुकतीच महाप्रयासाने सुटलेय, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. येशू हवा होता, चर्चची हुकमत नको होती. मला त्या फार जवळच्या वाटतात.

पण ल्यूथरबद्दल आमच्याच लोकांना माहीत नसतं म्हणून लिहिते. त्याने क्षमापत्रं मोडली, कन्फेशन नाही मोडलं. त्याच्या बाजूच्या लोकांनी मांडलेल्या १५३० च्या ऑग्सबर्गच्या जाहीरनाम्यात खासगी पापमुक्ती चर्चमध्ये ठेवावी असं लिहिलंय, फक्त प्रत्येक पाप मोजून सांगायची सक्ती काढली. त्याचं म्हणणं होतं की क्षमेचा शब्द बाहेरून यावा लागतो, आपणच आपल्याला देता येत नाही. मांडवीकाठची ताई म्हणतायत तेच.

आता बावखल, तुमचा काकूंचा प्रश्न. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. मूळ ग्रीकमध्येही मत्तयात शब्द ऋणाचाच आहे. ऋण म्हटलं की दोन खाती आली. आईंचं देवाकडचं खातं आणि काकूंकडचं खातं. पहिलं मिटलं म्हणून दुसरं आपोआप मिटत नाही, आणि दुसरं काकूंनी नाही मिटवलं म्हणून पहिलं परत उघडत नाही. मला असं वाटतं. कॅथलिक लोकांनी सांगावं.

जुनी_पानं

अगदी बरोबर. क्षमेचे जे शब्द फादर म्हणतात ना, १९७३ च्या नव्या विधीपासून त्यात असं आहे की दयेचा पिता देव चर्चच्या सेवेतून तुला क्षमा आणि शांती देवो. सेवेतून. चर्चला काय अधिकार आहे याचं उत्तर मला त्या एका शब्दात दिसतं. पापाने नातं देवाशी तुटतं तसं माणसांशीही तुटतं, आणि तो फादर त्या खोलीत देवाच्या वतीने बसतो तसा काकूच्या वतीनेही बसलेला असतो. म्हणून त्याने प्रार्थना सांगून सोडलं नाही, जावेकडे पाठवलं.

समोरच्याने माफ करायलाच पाहिजे अशी जबरदस्ती मात्र कोणी करू नये. सिस्टर राणी मारिया यांना १९९५ मध्ये इंदूरजवळ बसमधून ओढून काढून मारलं. त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन खुनी समंदर सिंगला राखी बांधली. मध्ये सात वर्षं गेली. पुढे सुटल्यावर तो केरळला तिच्या आईवडिलांनाही भेटून आला. नऊ दिवस म्हणजे काहीच नाही हो.

पुण्याचा_नवखा

माझे प्रश्न उथळ होते असं आता वाटतंय. माझे वडील आणि मी सहा वर्षं बोलत नाही. आमच्यात मला जावेकडे पाठवणारं, म्हणजे वडिलांकडे पाठवणारं, कोणी नाही. एवढंच लिहितो.

बावखल (धागाकर्ता)

नवखा, तुम्हाला मी वेगळा मेसेज केलाय, बघा.

मागचा_बाक, बायको म्हणतेय आमच्याकडे या, इथल्या फादरांकडे ती स्वतः तुमच्यासोबत येईल. कन्फेशन न मानणारी माझी बायको हे म्हणतेय.

आता अपडेट. परवा, म्हणजे अकराव्या दिवशी, दुपारी काकू आली. सांगून नाही, मागच्या दाराने, जशी अकरा वर्षांपूर्वी यायची तशी, हातात पेजेचा डबा. खोलीत आली तरी दाराजवळच्या खुर्चीवर बसली, खाटेपाशी नाही. आईने हात जोडायला वर उचलले तर उचलवेना. बोलायला लागली, "बांध मी…" तर काकू म्हणाली, "राहू दे, ते पोरं बघतील." माफ केलं असं काही ती बोलली नाही. मी खूप वाट पाहिली त्या शब्दाची, पण नाही बोलली.

थोड्या वेळाने उठली, आईच्या उशाशी गेली आणि म्हणाली केसांची काय दशा केलीय हिच्या. कपाटावरची फणी घेतली, तेल मागितलं आणि गुंता सोडवत बसली. संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत. बायको पेज गरम करून घेऊन गेली तर आई झोपली होती आणि काकू अजून वेणी घालतच होती.

काल सकाळी मी टेप घेऊन बांधावर गेलो. साडेतीन फूट. काकूचा मुलगा रविवारी येतोय, दोघं मिळून खुंट्या परत मूळच्या जागी मारणार आहोत.